खाकरून आत या

मला एका जागी बसता येत नाही. मथुरेच्या पायाला भिंगरी आहे, असं आमच्या घरी सगळे म्हणायचे. आमची माणसं शहाजीराजांबरोबर बेंगळुरात आली आणि परत जायचं विसरली. तेव्हापासून चिकपेटेच्या मागे त्यांनी इतकं घट्ट बूड टेकलं की माझ्यासारखी एखादी पळती निघाली तर त्यांना तो रोग वाटावा. पुढे हाच रोग माझ्या उपयोगी पडला. आमच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात तातडीचा विभाग काढायचं ठरलं तेव्हा तो कोणालाच नको होता. जिला स्वस्थ बसवत नाही तिला द्या, असं म्हणून तो माझ्या गळ्यात घातला गेला.

विभाग म्हणजे काय, तर चादरींची जुनी कोठी रिकामी करून टाकलेल्या इनमीन चार खाटा, प्राणवायूची नळकांडी आणि ऑपरेशन थिएटरमधून मी भांडून आणलेलं भूल द्यायचं एक यंत्र. भूल देण्यासाठी ते मला नकोच होतं. मला हवा होता त्याचा काळा रबरी फुगा. माणसाचा श्वास थांबला की गळ्याला खालच्या बाजूला छेद घेऊन नळी घालायची, ती फुग्याला जोडायची आणि हाताने फुगा दाबत राहायचं. दाबला की छाती वर येते, सोडला की खाली जाते. पोलिओ झालेल्या मुलांना विद्यार्थ्यांनी आळीपाळीने असं जगवलेलं मी विलायतेत पाहून आले होते. इथे मात्र माझ्या पाठीमागे म्हणत, बाई वारा घालून मुडदे उठवते.

१९६५चा श्रावण होता. सकाळी सिटी मार्केटला चकोत्यांची, म्हणजे पपनसांची, फळं घेऊन निघालेली एक लॉरी वाट वाकडी करून आमच्या फाटकात शिरली. फळांच्या ढिगावर घोंगडी टाकून एका तरुण बाईला निजवलं होतं. लॉरीचा क्लीनर आणि एक म्हातारी तिला खाली ओढत होते. शेजारी मोठ्या मिशांचा, पागोटं बांधलेला एक धिप्पाड गडी हात मागे बांधून उभा होता. त्याने एकट्याने तिला फुलासारखी उचलली असती.

"बघत काय उभे राहिलात? उचला की!" मी ओरडले.

"धाकट्याची बायको हाय, डाक्टरम्मा," तो मान खाली घालून म्हणाला. "मी कसा हात लावू?"

मी कपाळावर हात मारला आणि स्वतःच खांदा दिला.

ही कावेरी. देवनहळ्ळीच्या किल्ल्याबाहेर या मराठ्यांची शेती होती. तिचा नवरा संताजी पलटणीत होता, सरहद्दीवर. मिशीवाला त्याचा थोरला भाऊ विठोजी आणि म्हातारी त्यांची आई अंबूबाई. रात्री कावेरी जमिनीवर निजली होती. पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं, मग पापण्या मिटायला लागल्या, मग बोलणं नाकातून यायला लागलं. अंबूबाईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. विठोजीने मात्र अंथरूण झटकलं आणि त्याला कोपऱ्यात मण्यार सापडली. मण्यार निजलेल्या माणसाला चावते आणि चावलेलं कळतही नाही.

मुंबईहून येणारं प्रतिविष आमच्याकडे होतं, ते दिलं. पण मण्यारीचं विष एकदा नसांत बसलं की लवकर उठत नाही. माझ्या डोळ्यांदेखत तिची मान पडली, हात पडले, छाती थांबली. मी गळ्यात नळी घातली आणि फुगा हातात घेतला. विष उतरेपर्यंत श्वास आपण द्यायचा, उतरलं की ती स्वतः घेईल, असा साधा हिशेब होता. त्यात फक्त हात कमी पडत होते.

विद्यार्थी पाळ्या लावून फुगा दाबायचे, पण शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती आणि उपेंद्र नावाचा एक चिवट मुलगा सोडला तर बाकीचे गळायला लागले. मग मी घरच्यांनाच धरलं. दोघांना खाटेपाशी उभं केलं आणि दटावलं, "तिला हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, पण ऐकू येतं. जवळ बसून रडायचं नाही, वेडंवाकडं बोलायचं नाही." हे मी सगळ्याच नातेवाइकांना सांगायचे. पुस्तकात होतं म्हणून सांगायचे.

अंबूबाईची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, ती लगेच थकली. मी विठोजीला बसवलं. त्याने हात धुतले, पागोटं नीट केलं, स्टूल ओढलं आणि खाटेकडे पाठ करून बसला. एक हात मागे वळवून फुगा दाबायला लागला. गळ्यातली नळी बघवत नसेल, असं मला वाटलं. दाब मात्र छान पडत होता, शेतकऱ्याचा हात. पलीकडे धनुर्वाताच्या रुग्णाला झटका आला म्हणून मी तिकडे धावले.

परत वळले तर विठोजी एका लयीत फुगा दाबतच होता, पण कावेरीची छाती हलत नव्हती. नळीचा जोड निसटला होता. सगळा वारा खोलीत चालला होता आणि पोरीचे ओठ जांभळे पडले होते. मी विठोजीला स्टुलावरून अक्षरशः ढकललं, जोड बसवला, फुगा दाबत सुटले. ओठांवर रंग परत यायला लागला. भीती गेली की मला राग येतो.

"भिंतीला वारा घालत होता का? डोळे काय पाठीला आहेत तुमच्या? मारली असती तिला आत्ता!"

विठोजी उठला, पण तोंड भिंतीकडेच ठेवलं. "तिकडं तोंड करून कसं बसू, डाक्टरम्मा? तिच्या डोईवर पदर नाही. तिला लाज वाटंल."

मी हसले. चांगलं हसले नाही. "लाज? अहो, पापणी हलत नाही तिची!"

"पापणी हलत नाही," तो म्हणाला, "पण ऐकू येतं, असं तुमीच सांगितला न्हवं?"

मी हुकूम सोडला. तोंड खाटेकडे, डोळे नळीवर आणि छातीवर, नाहीतर घरी जा. तो घरी जाईना आणि खाटेकडे तोंडही करीना. शेवटी अंबूबाईने तोड काढली. घरी करतो तसंच करू, म्हणाली. विठोजीने दाराबाहेर थांबून खाकरायचं. खाकरलेलं ऐकलं की तिने सुनेचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढायचा. मग त्याने आत यायचं आणि फक्त नळीकडे बघायचं.

"डोकं काय ते झाका," मी म्हटलं. "गळ्यावर पदर आला तर याद राखा."

आणि तसं सुरू झालं. विठोजी पाळीला आला की दाराबाहेर खाकरायचा, अंबूबाई पदर ओढायची, तो यायचा आणि नळीवर नजर लावून बसायचा. जोड पुन्हा कधी निसटला नाही. विद्यार्थी मागे त्याची नक्कल करायचे. मीही एकदा हसले असेन.

दिवस जात होते आणि काही घडत नव्हतं. मला घडत नसलेलं सहन होत नाही. खाटेपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून खाटेपर्यंत माझ्या फेऱ्या चालायच्या. दर फेरीला मी कावेरीची पापणी उचलून बॅटरी मारायचे. बाहुली मोठी, पसरलेली, उजेडाला न जुमानणारी. पायाला टाचणी टोचली तरी काही नाही. मण्यारीच्या विषात बाहुल्या अशा होऊ शकतात हे मला माहीत होतं. मेलेल्या माणसाच्याही अशाच होतात हेही माहीत होतं. रेडिओवर सरहद्दीच्या बातम्या वाढत चालल्या होत्या. विठोजीने भावाला तार केली होती, उत्तर नव्हतं. तो मला एवढंच विचारायचा, "संताजीला काय कळवू?" मी म्हणायचे, "स्वल्प थांबा." थांबा म्हणणं सोपं असतं.

मग डॉक्टर त्रिविक्रम आले. ते आमचे वैद्यकशास्त्राचे प्रमुख आणि माझे गुरू. माणूस सज्जन, त्यांच्याशी भांडणंही कठीण. थिएटरवाल्यांनी त्यांच्यामागे लकडा लावला होता. यंत्र माझ्याकडे अडकल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागत होत्या. त्यांनी कावेरीला तपासलं, हातातली बॅटरी बंद केली आणि खाटेच्या पायाशी उभं राहून आम्ही नेहमीसारखे अर्धं कानडीत, अर्धं इंग्रजीत बोललो.

"मथुरा, तू फुगा जिवंत ठेवते आहेस. पोरीला नाही."

"विष उतरायला वेळ लागतो, सर."

"वेळ सगळ्यांनाच लागतो. खाली आतडं पिळवटलेला एक माणूस पडलाय. त्याच्याकडे वेळ नाही. उद्या सकाळी मी वर्ग घेऊन फेरीला येईन. सगळ्यांसमोर तपासू. एकही खूण दिसली नाही तर थांबवायचं. कबूल?"

मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

ते गेल्यावर अंबूबाईने विचारलं, साहेब काय म्हणाले. मी सांगितलं. तिने रडारड केली नाही. मरायचंच असलं तर पोरीच्या तोंडात तीर्थ पडू दे, एवढंच म्हणाली.

"एक थेंब जरी तोंडात घातलात तर तो श्वासात जाईल," मी म्हटलं. "तुमच्या हातून मरेल ती."

"मग माझ्या हातून मरू दे, पण तीर्थाशिवाय नको," असं म्हणून ती तोंड फिरवून व्हरांड्यात गेली.

दुपार टळली होती. उपेंद्र जेवायला गेला होता आणि फुगा माझ्या हातात होता. तळहाताला फोड आले होते. मी खोलीत एकटी असले की मराठीत पुटपुटते. इस्पितळात ती भाषा फारशी कोणाला कळत नाही, म्हणून मनातलं तिच्यात बोलायची मला खोड आहे. मी फुगा दाबला, सोडला आणि कावेरीला म्हटलं, "मेली असशील तर सांग गं बाई एकदाचं. माझेही हात सुटतील." आणि मला रडू आलं. ती मेली असावी असं मला त्या घटकेला खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी आली. आमच्या एवढ्याशा कोठीत अख्खा वर्ग घुसला, खिडकीचा उजेडसुद्धा अडला. अंबूबाई पहाटेच कुठल्याशा देवळात तीर्थ आणायला गेली होती, माझं ऐकायचं तिने मुळी ठरवलंच नव्हतं. फुगा उपेंद्रच्या हातात होता. त्रिविक्रमांनी पापण्या उचलून बॅटरी मारली. कापसाचं टोक बुबुळाला लावलं. मूठ वळून छातीच्या हाडावर रगडली. एवढ्याने झोपलेला बैल उठला असता. कावेरी होती तशी होती.

त्यांनी बॅटरी खिशात ठेवली. सावकाश ठेवली, मला वेळ द्यावा म्हणून असेल.

"एक दिवस द्या, सर," मी म्हटलं.

"कालही तू हेच म्हणाली असतीस. उद्याही म्हणशील." मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "उपेंद्र, हात काढ."

उपेंद्रने माझ्याकडे पाहिलं. हात काढला नाही, पण त्याचा वेग मंदावला.

तेवढ्यात दाराबाहेर कोणीतरी खाकरलं.

विठोजीची पाळी होती. आत काय चाललंय हे त्याला माहीत नव्हतं, तो आपला रोजच्यासारखा येऊन उभा राहिला होता. पदर ओढायला अंबूबाई नव्हती. मी खाटेच्या पायाशी होते आणि माझी नजर, का कोण जाणे, कावेरीच्या उजव्या हातावर होती. त्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट जवळ आलं. चादरीवर पडलेल्या पदराचा काठ त्या दोन बोटांत धरला गेला, जरासा वर ओढला गेला, आणि सुटला.

मी किंचाळलेच. "परत खाकरा!"

आपलं काय चुकलं असं विठोजीला वाटलं असणार. "आँ?"

"खाकरा म्हणते ना!"

विठोजी खाकरला. बोटं हलली. काठाला लागली.

त्रिविक्रम वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "स्नायू आपोआपही फुरफुरतात," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आता दम नव्हता.

"मग तुम्ही खाकरा, सर."

"मी?"

"खाकरा!"

आपल्या प्रमुखांवर अख्ख्या वर्गासमोर असं कोणी ओरडत नाही. पण ते खरे शिक्षक होते. त्यांनी तोंडासमोर मूठ धरली आणि व्यवस्थित घसा खाकरला. कावेरीचा हात नुसता पडून राहिला. मी उपेंद्रला खाकरायला लावलं. काही नाही.

"विठोजी!"

विठोजी खाकरला, आणि ती दोन बोटं पुन्हा पदर शोधायला लागली.

त्रिविक्रमांनी कोट काढून खाटेच्या दांडीवर टाकला, बाह्या वर केल्या आणि उपेंद्रच्या हातातून फुगा स्वतःच्या हातात घेतला. "जा, चहा पिऊन ये," ते त्याला म्हणाले. "आणि थिएटरला सांग, मी स्वतः दुसरं यंत्र मागवून देतो, तोवर खालच्या माणसाला दुसऱ्या इस्पितळात हलवा. हे यंत्र इथून हलणार नाही."

दारातून विठोजीचा आवाज आला, "आत येऊ का, डाक्टरम्मा?"

मी जन्मात स्वतःच्या डोक्यावर पदर घेतला नाही. आईशी भांडले, सासरी भांडले, पण घेतला नाही. मी कावेरीचा पदर उचलला, डोक्यावरून कपाळापर्यंत नीट ओढला, गळा मोकळा आहे ना ते पाहिलं.

"या," म्हटलं.

अंबूबाईने आणलेलं तीर्थ मी तिलाच प्यायला लावलं. पुढे सगळं हळूहळू आलं. आधी बोटं, मग मनगट, मग एक पापणी. एके दिवशी मी फुगा सोडला आणि छाती आपली आपण वर आली, माझ्या परवानगीशिवाय. विठोजीने त्या दिवशी भावाला दुसरी तार केली आणि इस्पितळभर चकोत्याच्या फोडी वाटत फिरला.

नळी काढल्यावर गळ्याचं भोक बुजेपर्यंत त्याच्यावर कापडाची घडी बांधतात. बोलायचं असलं तर त्या घडीवर बोट दाबावं लागतं. घरी जायच्या आधी कावेरीने मला खुणेने जवळ बोलावलं. अंबूबाई बोचकं बांधत होती. कावेरीने घडीवर बोट दाबलं.

"अक्का, तुमी विचारला होता."

"काय गं?"

"मेली असशील तर सांग, म्हणून."

मी तिच्या पायथ्याशी बसले.

"मी सांगत होते," ती म्हणाली. आवाज चिरका, तुटक होता. "नाही मेले, नाही मेले. किती येळा सांगितला. तुमाला ऐकूच येईना." तिने दम घेतला आणि पुन्हा बोट दाबलं. "समदे माझ्यावरून बोलायचे. फकस्त भावजी खाकरायचे. ते खाकरले की वाटायचं, म्हणजे मी हाय अजून."

मला तिची क्षमा मागायची होती. तिने ती मागू दिली नाही, पदर सावरत उठली, कारण दाराबाहेर विठोजी खाकरला होता. लॉरी आली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेवर एक माणूस आला. बांधकामावरून पडलेला, डोक्याला मार, हाक मारली तरी ओ देत नव्हता. उपेंद्र त्याच्याजवळ बसला होता. मी सवयीने तरातरा आले, आणि दारात थांबले. घसा खाकरला.

उपेंद्रने वर पाहिलं. "मॅडम, घसा बसलाय का?"

"नाही," म्हटलं. "आत येतेय."